तेलवाल्यांची उत्तरं

माझा राग नाकावर असतो असं घरचे म्हणतात. मला ते मान्य नाही. नाकावर चष्मा असतो, तिथे रागाला जागा कुठे? पण मंचावरच्या लोकांनीही माझं नाव 'कात्रीबाई' ठेवलंय, तेव्हा त्यात थोडंफार तथ्य असावं.

मंच म्हणजे जुन्या शिलाई मशीनवाल्यांचा इंटरनेटवरचा मंच. पायाने चालणारी, हाताने फिरवायची, आजेसासूकडून आलेली अशी मशीनं ज्यांच्या घरात आहेत आणि ज्यांना ती टाकवत नाहीत, अशी साडेचार हजार माणसं तिथे जमतात. एकजण विचारतो, दुसरा सांगतो. बारा वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झालेल्या एका शिक्षकाने तो सुरू केला. त्याला आम्ही हेडमास्तर म्हणतो. सहा वर्षांपूर्वी त्याने सफाईचं काम माझ्या गळ्यात घातलं. मी घरातल्या पुढच्या खोलीत कपडे दुरुस्त करते. पँटची उंची कमी कर, चेन बदल, कॉलर उलटी करून लाव, असली कामं. मशीनच्या शेजारीच कॉम्प्युटर आहे, एक डोळा टाक्यावर आणि एक मंचावर.

सफाई म्हणजे स्पॅम काढणं. जुगाराच्या जाहिराती, आठ दिवसांत वजन उतरवा, घरबसल्या श्रीमंत व्हा, आणि एकट्या पडलेल्या सुंदर बायकांचे फोन नंबर. मशीनच्या पट्ट्याबद्दल विचारणाऱ्या माणसाला केस वाढवायचं औषध कशाला हवं, हे त्यांना कोण सांगणार? संशयास्पद काही आलं की माझ्या रांगेत येऊन उभं राहतं आणि पुढे तीन बटणं असतात. 'राहू दे', 'काढा' आणि लाल रंगाचं 'मुळासकट'. हे तिसरं नाव हेडमास्तरने दिलेलं. ते दाबलं की खातं बंद होतं आणि त्या खात्यावरून आजवर लिहिलेलं सगळं पुसलं जातं. सकाळचा चहा निवायच्या आत रांग रिकामी करायची, हा माझा नेम होता. त्याचा मला गर्व होता, आता कबूल करायला हरकत नाही.

नुसता स्पॅमच मला खपायचा नाही असं नाही. कोणी उत्तर दिलं की आभार मानताना ते अख्खं उत्तर पुन्हा खाली उतरवायचं आणि त्याखाली 'धन्यवाद' लिहायचं, ही एक खोड लोकांना होती. वीस ओळींचं उत्तर, मग पुन्हा त्याच वीस ओळी, मग एक धन्यवाद. मला ते बघवत नसे. मी नियम केला की मूळ उत्तर परत चिकटवू नये, आणि गेल्या चार वर्षांतले असे सगळे उतारे कापून काढले. एकच माणूस मात्र पालथा घडा निघाला. पडदे शिवणारा कोणी होता. त्याचं टोपणनाव 'आभारी' आणि काम तेच. सात वेळा समज दिली, दोनदा आठवडाभर बाहेर बसवलं. आठ महिन्यांपूर्वी त्याने पुन्हा तेच केलं तेव्हा मी त्याला कायमचा बंद केला. त्याने एक शब्द उलट लिहिला नाही, याचाही मला तेव्हा राग आला होता.

आणि मंचावर तेलवाले होते. खरा मेकॅनिक माणूस, दुकान असलेला. काहीही विचारा, उत्तराची सुरुवात ठरलेली असायची, "आधी तेल घाला, मग बोलू." अर्ध्या लोकांचं काम तेवढ्यातच व्हायचं. उरलेल्यांना ते पायरी-पायरीने सांगायचे, समोर बसून सांगावं तसं. दीड वर्षापूर्वी ते गेले. त्यांच्या मुलीने मंचावर चार ओळींत कळवलं आणि त्या दिवशी रांगेत उभ्या स्पॅमकडेही मी दुर्लक्ष केलं होतं.

त्या मंगळवारी सकाळी चहा घेऊन बसले तर रांगेत एकाच खात्यावरून जुगाराच्या चाळीस जाहिराती. 'लकी विनर ७७' असं काहीतरी नाव, खाली एका गोऱ्यागोमट्या पोरीचा फोटो. माझं डोकं फिरलं. नावाखाली बारीक अक्षरांत सदस्य कधी झाला ती तारीख असते, ती आधी वाचावी, हे मीच नव्या लोकांना शिकवत आले होते. मी ती वाचली नाही. सरळ 'मुळासकट'वर गेले. पडद्याने विचारलं, 'या सदस्याचे १,९८३ लेख कायमचे पुसले जातील. नक्की?'

शहाण्या माणसाने तिथे थांबायला हवं होतं. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, मेलीने एका रात्रीत दोन हजार घाणेरड्या जाहिराती टाकल्या! मी दात-ओठ खाऊन 'नक्की' दाबलं. आमच्या ह्यांना सांगितलंही, की आज एका फटक्यात दोन हजार. हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, की चांगलं झालं, चहा पी.

अकराच्या सुमाराला माझ्या हातात एक पँट होती, दुमड घालून टाचण्या लावून झाल्या होत्या, आणि निरोप आला. तेलवाल्यांच्या मुलीचा. 'काकू, बाबांची उत्तरं दिसत नाहीत. माझ्यासमोर मशीन उघडलेलं आहे, शटल बाहेर काढलंय. पुढची पायरी बघायला गेले तर पान रिकामं. काही बिघाड आहे का?'

मला एकदम कळलं. हातातली टाचणी बोटात गेली तरी समजलं नाही. कोणा चोराने मेलेल्या माणसाचं खातं फोडलं होतं, नाव आणि फोटो बदलला होता आणि त्यावरून जाहिराती टाकल्या होत्या. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथे काडी मी लावली होती.

हेडमास्तरला फोन केला. तो म्हणाला, घाबरू नको, बॅकअप आहे, मी दर रविवारी घेतो. पंधरा मिनिटांनी त्याचाच फोन आला, आवाज पडलेला. दर रविवारी तो जे जपून ठेवत होता त्यात सदस्यांची यादी होती, विषयांची नावं होती, मजकूर मुळी येतच नव्हता. दोन वर्षांत त्याने ती फाईल एकदाही उघडून बघितली नव्हती. वर्गात पोरांच्या वह्या तपासणारा माणूस! मी त्याला काही बोलले नाही. त्या दिवशी मला कोणाला बोलायचा अधिकारच उरला नव्हता.

मग तो म्हणाला, की खातं चोराने फोडलं हे तर खरंच आहे, मग चोरानेच पुसलं असं लिहून टाकू. कोणाला कळणार? मला मोह झाला नाही असं म्हणणार नाही. सहा वर्षांचं नाव होतं. पण ती मुलगी उघड्या मशीनपुढे बसली होती. तिला खोटं सांगायचं तर आधी माझी जीभ झडली असती.

मी तिला फोन लावला. आधी तिचंच ऐकून घेतलं. ती कुरिअर कंपनीच्या काउंटरवर नोकरी करायची. बाप शिकवायला तयार होता, पण हिला हात काळे करायचे नव्हते. बाप गेल्यावर सात महिने दुकान बंद होतं, मग हिच्याने राहवेना. नोकरी सोडून तिने कुलूप उघडलं आणि बाबांच्या उत्तरांतून काम शिकायला बसली. टेबलावर मोबाईल उभा करायचा, एक पायरी वाचायची, एक पायरी करायची. आईचं म्हणणं होतं की वर्षभर बघ, नाही जमलं तर दुकान सोडून द्यायचं. वर्ष भरत आलं होतं. समोरचं मशीन एका इस्पितळाच्या चादरी शिवणाऱ्या खोलीतलं होतं. शुक्रवारी ते न्यायला येणार होते. ते चाललं तर त्यांची बाकीची सात मशीनंही तिच्याकडे येणार होती, नाही चाललं तर आईचं म्हणणं खरं ठरणार होतं.

"काकू, बिघाड कधीपर्यंत दुरुस्त होईल?" तिने विचारलं.

"बिघाड नाही, बाळा. ते मी पुसलं. तुझ्या बाबांच्या नावावर कोणीतरी घाण टाकली होती आणि मी न बघता सगळंच पुसून टाकलं."

मग ती म्हणाली, "परत येईल ना?"

"माहीत नाही."

तिने फोन ठेवला. आदळला नाही, नुसता ठेवला. आदळला असता तर मला बरं वाटलं असतं.

मग मी मंचावर लिहिलं. काय झालं, कोणी केलं, कसं केलं. 'चूक माझी आहे, चोराची नाही' असं पहिल्याच ओळीत लिहिलं आणि खाली विनंती केली, की तेलवाल्यांचं एखादं उत्तर कोणी कुठे लिहून ठेवलं असेल तर पाठवा. काहींनी मला मनसोक्त झोडपलं, ते मी मुकाट्याने वाचलं. पण बऱ्याच जणांनी झोडपता झोडपता पाठवलंही. एका बाईने शिलाईच्या डब्याच्या झाकणावर चिकटवलेल्या कागदाचा फोटो पाठवला. एकाने आपल्या दुकानाच्या भिंतीवर खडूने लिहिलेल्या पाच पायऱ्या. मग कोणीतरी विचारलं, की आभार मानताना लोक उत्तर पुन्हा उतरवायचे ना, तिथून का काढत नाही?

वाचून मी डोकं धरून बसले. गेल्या चार वर्षांतले ते उतारे माझ्याच कात्रीने गेले होते. त्याआधीचे, कंटाळा करून सोडलेले, तेवढे शिल्लक होते. माझ्या आळसाने जे वाचवलं ते माझ्या शिस्तीने वाचवलं नव्हतं. बुधवार संध्याकाळपर्यंत शोधून शोधून दोनशे बारा उत्तरं जमली. शटल, म्हणजे खालचा दोरा वरच्यात अडकवणारा भाग, बसवण्याचं त्यात नव्हतं.

"तो तुझा आभारी कुठे आहे?" आमचे हे सहज म्हणाले. ह्यांना शिलाईतलं काही कळत नाही, पण माझे शत्रू सगळे पाठ आहेत. "त्याच्याकडे असेल की. तो तर प्रत्येक उत्तर उतरवायचा."

गुरुवारी दुपारी हेडमास्तरकडून नंबर घेतला. नाक घासायला जायचं तर फोनवरून बरं, निदान समोरच्याला नाक दिसत नाही. एका म्हाताऱ्या, सावकाश आवाजाने फोन उचलला. मागे मशीन चालल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"मी कात्रीबाई बोलतेय," मी म्हटलं.

"ओळखलं. आवाजाला धार आहे."

मी माफी मागितली. नीट, पूर्ण वाक्यात, अडखळत. कशासाठी फोन केलाय तेही सांगितलं आणि वर म्हटलं, की तुम्ही जे कॉपी करून चिकटवत होतात ते कुठे ठेवलं असलं तर बघा.

"बाई, मला कॉपी करता येत नाही," तो म्हणाला. "मी कधी चिकटवलंच नाही. मी टाइप करायचो."

मला समजलं नाही. त्याने समजावलं. वाचलेलं त्याच्या डोक्यात शिरत नाही, हाताने लिहिलं की शिरतं. शाळेपासून तसंच. म्हणून तेलवाल्यांचं उत्तर आलं की तो एका बोटाने ते अख्खं लिहून काढायचा, मग मशीनवर करून बघायचा आणि मग धन्यवाद म्हणायचा. उत्तर देणाऱ्याला कळावं, की आपलं सगळं वाचलं. मी काढून टाकायचे तेव्हा त्याला वाटायचं की आपलंच लिहिण्यात काही चुकलं असेल, म्हणून तो पुढच्या वेळी आणखी नीट लिहायचा. सात वेळा मी त्या माणसाला समज दिली होती आणि सात वेळा त्याने अक्षर सुधारलं होतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"मग मला बंद केल्यावर वेळच वेळ झाला," तो म्हणाला. "लिहिता येत नव्हतं, पण वाचता तर येत होतं. मी पहिल्यापासून सगळी उतरवायला घेतली. रोज पाच-सहा. एका फाईलमध्ये."

"किती झाली?"

"तेराशे शहाऐंशी. सोमवारपर्यंत. मंगळवारी उघडलं तर पान कोरं होतं. मला वाटलं, बाईंनी वाचायचंही बंद केलं."

मी त्याला म्हटलं, शटल बसवण्याचं बघा. तो शोधत असताना मी तेलवाल्यांच्या मुलीला फोन लावला आणि तिघांना एकत्र जोडलं. ती आधी बोलायलाच तयार नव्हती. मी म्हटलं, माझ्याशी बोलू नकोस, हे काका काय वाचतात ते ऐक. आणि आभारी वाचायला लागला.

"आधी तेल घाला, मग बोलू."

पलीकडून तेलाच्या डबीचं टोपण काढल्याचा आवाज आला.

पुढचा पाऊण तास मी नुसती ऐकत होते. तो एक पायरी वाचायचा आणि गप्प बसायचा. तिच्याकडे स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवल्याचा, चाक फिरल्याचा आवाज यायचा, मग ती 'हं' म्हणायची, मग पुढची पायरी. चाक आपल्याकडे फिरवून सुई अगदी खाली न्या. तिथून दोन मिलिमीटर वर आली की शटलचं टोक सुईच्या भोकाच्या जरा वर यायला हवं. नसेल येत तर शटलचे स्क्रू सैल करून ते आणा, घाई करू नका, मशीन कुठे पळून जात नाही. हे शेवटचं वाक्यही तेलवाल्यांचंच. आभारीने एक शब्द गाळला नव्हता.

सगळं झाल्यावर तिने चिंधी घालून मशीन चालवलं. टाका धरला नाही. दुसऱ्यांदाही नाही. ती म्हणाली, की राहू दे काका, मला नाही येत, आई बरोबर म्हणते.

"थांब, खाली मी लिहिलेलं आहे," आभारी म्हणाला. "प्रत्येकाखाली लिहितो मी, करून बघितल्यावर काय झालं ते." आणि त्याने वाचलं, "केलं. नाही चाललं. सुई उलटी बसवली होती. नीट बसवली. चाललं."

पलीकडे सुईचा स्क्रू सैल केल्याची बारीक किरकिर. मग मशीन चाललं. मी तीस वर्षं मशीनवर बसते, नीट धरलेल्या टाक्याचा आवाज मला फोनवरूनही कळतो. एकसारखा, न अडखळणारा. ते चालतच राहिलं, अख्खी चिंधी संपेपर्यंत.

"धरला," ती म्हणाली. "काका, टाका धरला." मग ती रडायला लागली, आणि खोटं कशाला सांगू, मीही.

शुक्रवारी ते मशीन गेलं. पुढच्या पंधरवड्यात सातांपैकी तीन आली, बाकीची मागोमाग. आईने वर्षाचा विषय काढायचा सोडला, असं तिने नंतर सांगितलं. माझ्याशी ती पुन्हा बोलायला लागायला महिना गेला, आणि ते योग्यच होतं.

आभारीची फाईल, जुने उतारे, डब्याची झाकणं, भिंतीवरचा खडू, सगळं धरून एक हजार पाचशे एकाहत्तर उत्तरं परत आली. तीनशे बाहत्तर गेली ती गेलीच. त्यांच्या विषयांची नावं तेवढी हेडमास्तरच्या यादीत आहेत, आणि ती मी अजून अधूनमधून वाचत बसते. हेडमास्तर आता दोन ठिकाणी बॅकअप घेतो आणि दर रविवारी उघडून वाचतो. बैल गेला नि झोपा केला, पण केला तर खरा. 'मुळासकट' दाबलं की आता पडदा आधी सदस्याची तारीख टाइप करायला लावतो. ती सूचना माझी. एका बोटाने टाइप करावी लागते, तेवढ्यात डोकं थंड होतं. आभारीचं खातं मी पुन्हा उघडलं आणि उतारे न चिकटवण्याचा नियमही काढून टाकला. परत आलेल्या प्रत्येक उत्तराखाली आभारीची ओळ आम्ही तशीच ठेवली आहे. नवे लोक म्हणतात की त्यांना उत्तराइतकाच त्या ओळीचा उपयोग होतो.

परवा सकाळी रांगेत एकच नोंद होती. लांबलचक मजकूर, आधी आलेल्या मजकुराशी तंतोतंत जुळणारा, म्हणून यंत्राने पकडून आणलेला. मी आधी तारीख वाचली. मग नाव वाचलं. आभारी.

कोणा नवख्या बाईने विचारलं होतं, की आजीचं मशीन वीस वर्षांनी काढलंय, चाकच फिरत नाही, काय करू? त्यावर उत्तर दिलं होतं तेलवाल्यांच्या मुलीने. तिचं मंचावरचं पहिलं उत्तर. मी ते आदल्या दिवशी घाईत वरवर पाहिलं होतं. आता आभारीने उतरवलेलं सबंध वाचलं, ओळ न ओळ. आधी तेल घाला, मग बोलू, अशी सुरुवात. पुढे कुठे कुठे घालायचं त्या नऊ जागा, आणि मग रात्रभर तसंच राहू द्या, सकाळी हळू फिरवा, जोर लावू नका. त्यातल्या दोन जागा तिच्या बापाने कधी सांगितल्या नव्हत्या. त्या तिने स्वतः शोधल्या होत्या.

खाली आभारीची ओळ होती. 'केलं. चाललं.'

मी 'राहू दे' दाबलं आणि पुन्हा वरून वाचायला लागले. हे आतून म्हणाले, की चहा कधीचा ठेवलाय. तो पार निवला होता. मी तसाच प्यायले.